राजस्थान सीमा : आश्रयाचे धोरण आणि बेकायदा प्रवेश यांचे नाते काय?

जयपूर : जून २०२५ च्या अखेरीस जैसलमेर जिल्ह्यातील वाळवंटात, आंतरराष्ट्रीय सीमेपासून काही किलोमीटर आत, एका तरुणाचा आणि एका तरुणीचा मृतदेह आढळला. दोघांजवळ पाकिस्तानची ओळखपत्रे होती. पोलिसांनी दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार हे दोघे सिंध प्रांतातील हिंदू पती-पत्नी होते. भारतात येण्यासाठी त्यांनी व्हिसाचा अर्ज केला होता, मात्र तो मिळाला नाही. अखेर त्यांनी पायी सीमा ओलांडली आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याअभावी त्यांचा मृत्यू झाला असावा, असा पोलिसांचा अंदाज होता.

एका घटनेवरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. राजस्थानच्या सीमेवर कुंपण ओलांडून येणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प असून पाकिस्तानातून या राज्यात स्थायिक होण्यासाठी आलेली बहुतांश कुटुंबे वैध पासपोर्ट आणि व्हिसावर आली आहेत. मात्र या घटनेने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आणला. आश्रय मागणाऱ्यांसाठी सरकार जे नियम करते, त्यांचा बेकायदा सीमाप्रवेशावर नेमका कोणता परिणाम होतो? दार उघडे ठेवल्याने लोंढे वाढतात की दार बंद केल्याने लोक आडवाटेला लागतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी राजस्थानइतके बोलके उदाहरण देशात क्वचितच सापडेल. पाकिस्तानला लागून असलेली हजार किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा, दोन्ही बाजूंना पसरलेली नातीगोती, तीन वेळा बंद-चालू झालेला प्रवासाचा मार्ग आणि गेल्या दोन दशकांत वारंवार बदललेले नियम, असे सारे काही येथे एकत्र पाहायला मिळते.

एकाच वाळवंटाचे दोन भाग

थरच्या वाळवंटातून १९४७ मध्ये सीमारेषा गेली तरी दोन्हीकडील समाज एकच राहिला. सिंधमधील उमरकोट, थरपारकर या भागांत राजपूत, मेघवाल, भिल्ल, कोळी, माहेश्वरी, लोहाणा अशा समाजांची वस्ती आहे. त्यांपैकी सोढा राजपुतांची स्थिती वेगळी आहे. स्वतःच्या कुळात विवाह न करण्याच्या प्रथेमुळे आणि सिंधमध्ये इतर राजपूत कुळे फारशी नसल्यामुळे त्यांना वर-वधू शोधण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राजस्थानात यावे लागते. भिल्ल, मेघवाल, कोळी या समाजांतील अनेक कुटुंबे सिंधमध्ये जमीनदारांच्या शेतांवर राबतात. कर्जापोटी वेठबिगारी, धार्मिक भेदभाव आणि मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराची भीती ही कारणे स्थलांतरित कुटुंबे सातत्याने सांगत आली आहेत.

फाळणीनंतर लगेचच ये-जा नियंत्रित करण्यास सुरुवात झाली. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९ जुलै १९४८ पासून परवाना पद्धत लागू झाली. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानेही हीच तारीख प्रमाण मानली. त्यापूर्वी आलेल्यांना थेट नागरिक मानले गेले, तर नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. दोन्ही देशांदरम्यान १९५२ मध्ये पासपोर्टची सक्ती झाली. तरीही जोधपूर ते सिंध हा लोहमार्ग चालू होता आणि नातेवाइकांच्या भेटीगाठी होत होत्या. १९६५ च्या युद्धात हा मार्ग बंद पडला.

सर्वांत मोठे स्थलांतर १९७१ च्या युद्धानंतर झाले. त्या युद्धात जयपूरच्या राजघराण्यातील लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंह यांच्या नेतृत्वाखाली १० पॅरा कमांडो तुकडीने थरपारकरमधील छाछरोवर धाडसी हल्ला केला. त्यासाठी त्यांना महावीरचक्राने गौरवण्यात आले. सिंधचा मोठा वाळवंटी प्रदेश भारतीय लष्कराच्या ताब्यात आला होता. जुलै १९७२ मधील सिमला करारानंतर तो परत करण्यात आला, तेव्हा पुन्हा पाकिस्तानी राजवटीखाली राहण्याची तयारी नसलेली हजारो हिंदू कुटुंबे बाडमेर आणि आसपासच्या भागांतील छावण्यांत आली. यातील कोणाकडेही व्हिसा नव्हता. सरकारने त्यांना परत पाठवले नाही; पुढे त्यांना नागरिकत्व आणि जमिनीही देण्यात आल्या.

त्यानंतरच्या काळात सीमेचे स्वरूप बदलले. पंजाबातील दहशतवाद आणि तस्करी यांच्या पार्श्वभूमीवर कुंपणाचे काम सुरू झाले आणि १९९० च्या दशकात राजस्थानच्या सीमेवरही तारेचे कुंपण व प्रकाशझोतांचे दिवे उभे राहिले. वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी कुंपण गाडून टाकतात. त्यामुळे सीमा सुरक्षा दलाची गस्त तेथे विशेष महत्त्वाची ठरते. कुंपणानंतर पायी ये-जा जवळपास थांबली. स्थलांतर मात्र थांबले नाही. त्याचा मार्ग बदलला.

फाटकातून आलेली माणसे

फेब्रुवारी २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग ४१ वर्षांनी पुन्हा सुरू झाला आणि थार एक्सप्रेस धावू लागली. जोधपूरजवळच्या भगत की कोठी स्थानकापर्यंत येणाऱ्या या साप्ताहिक गाडीने सिंधमधील कुटुंबांना एक वैध आणि परवडणारा मार्ग मिळाला. तीर्थयात्रा, नातेवाइकांची भेट किंवा हरिद्वारला अस्थिविसर्जन या कारणांसाठी अल्पमुदतीचा व्हिसा घ्यायचा, घरदार विकून कुटुंबासह निघायचे आणि भारतात पोहोचल्यावर दीर्घकालीन व्हिसासाठी अर्ज करायचा, असा क्रम रूढ झाला.

राजस्थानात सीमेलगतच्या पट्ट्यात परदेशी नागरिकांना परवानगीशिवाय जाता येत नाही. त्यामुळे नातेवाईक जैसलमेर-बाडमेरमध्ये असले तरी अनेक कुटुंबांना जोधपूर, जयपूर या शहरांत राहावे लागले. या शहरांच्या कडेला वस्त्या उभ्या राहिल्या. दगडाच्या खाणी, बांधकामे, शेतमजुरी आणि छोटे व्यवसाय यांवर त्यांचा उदरनिर्वाह चालतो. आजही पाकिस्तानातून आलेल्या हिंदू स्थलांतरितांची मोठी संख्या राजस्थानात, विशेषतः जोधपूर परिसरात आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये थार एक्सप्रेस बंद झाली. त्यानंतर सिंधमधील कुटुंबांना लाहोरमार्गे वाघा-अटारी गाठण्यासाठी शेकडो किलोमीटरचा वळसा घालावा लागू लागला. प्रवास महागला, परंतु मार्ग शिल्लक होता.

निर्वासित कायद्याविना आश्रय

या लोकांना बोलीभाषेत निर्वासित म्हटले जात असले तरी भारतीय कायद्यात ‘निर्वासित’ अशी संज्ञाच नाही. १९५१ च्या संयुक्त राष्ट्र निर्वासित करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक मसुद्यावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. देशात आश्रयाविषयी स्वतंत्र कायदाही नाही. भारताच्या भूमीवर असलेला परकीय माणूस कायद्याच्या दृष्टीने केवळ ‘परदेशी नागरिक’ असतो; तो वैध कागदपत्रांसह असेल किंवा त्यांविना.

ही पोकळी केंद्र सरकार प्रशासकीय आदेशांनी भरून काढते. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये कार्यपद्धती निश्चित केली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सकारण भीती असल्याचे प्रथमदर्शनी दिसल्यास सुरक्षाविषयक पडताळणीनंतर दीर्घकालीन व्हिसाची शिफारस करता येते.

न्यायालयांनीही काही मर्यादा आखून दिल्या आहेत. चकमा समाजासंबंधीच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीविताच्या हक्काचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही मिळते, असे स्पष्ट केले. तर एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात, देशात वास्तव्य करण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क फक्त नागरिकांना असल्याचे सांगत विहित प्रक्रियेनुसार हद्दपारी करण्यास न्यायालयाने मज्जाव केला नाही.

दीर्घकालीन व्हिसा म्हणजे काय?

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती समुदायांतील व्यक्तींना हा व्हिसा एका वेळी ५ वर्षांपर्यंत मिळू शकतो. अर्जदाराने ऑनलाइन अर्ज करायचा, हमीदार म्हणून भारतीय नागरिक द्यायचा आणि पोलीस व गुप्तचर यंत्रणांच्या पडताळणीची वाट पाहायची, अशी त्याची पद्धत आहे.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या व्हिसाधारकांसाठी सवलती मंजूर केल्या. बँक खाते उघडणे, राहण्यासाठी घर विकत घेणे, पॅन, आधार आणि वाहन चालवण्याचा परवाना मिळवणे त्यांना शक्य झाले. राहत्या राज्यात मुक्तपणे फिरण्याची मुभा मिळाली. नागरिकत्व नोंदणीचे ३ हजार ते १५ हजार रुपयांपर्यंतचे शुल्क १०० रुपयांवर आणले गेले.

या सवलतींमागे अनुभव होता. त्याच वर्षी जयपूरमधील एका पाकिस्तानी हिंदू कुटुंबातील हुशार विद्यार्थिनीला नागरिकत्व नसल्यामुळे वैद्यकीय प्रवेशाची वाट बंद झाली होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातल्यानंतर तिचा मार्ग मोकळा झाला. देशात वैधरीत्या राहण्याची परवानगी आणि देशात आयुष्य उभारण्याची परवानगी यांत किती अंतर असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

व्हिसाची मुदत संपली आणि नवा अर्ज अडकला, तर मात्र तेच कुटुंब कायद्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ या संज्ञेत कागदपत्रांविना आलेल्यांबरोबर मुदतीनंतर राहिलेल्यांचाही समावेश केला. अशा व्यक्तीला नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे फाटकातून रीतसर आलेला माणूसही एका कागदाच्या विलंबाने कुंपण ओलांडणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. राजस्थानात ‘बेकायदा’ ठरलेल्या पाकिस्तानी स्थलांतरितांपैकी अनेकांच्या बाबतीत सीमेवर काहीच घडलेले नसते. जे घडते ते मुदत संपल्याच्या दिवशी घडते.

नागरिकत्वाच्या वाटा

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दोन प्रमुख वाटा आहेत. अर्जदार किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल, तर ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करता येते. अन्यथा देशीयकरणासाठी एकूण १२ वर्षांचे वास्तव्य लागते. फाळणी होऊन पाऊणशे वर्षे उलटल्याने आज सिंधमधून येणाऱ्या तरुणांचेच नव्हे, तर त्यांच्या आई-वडिलांचेही जन्म बहुधा १९४७ नंतरचे असतात. परिणामी ७ वर्षांची वाट काळाच्या ओघात आपोआप आकसत गेली आणि १२ वर्षांची लांब वाट तेवढी उरली.

ही प्रक्रिया गतिमान करण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. २००४ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील ठरावीक जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तानी हिंदूंना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले आणि त्यातून हजारो लोकांना लाभ झाला. डिसेंबर २०१६ मध्ये सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अधिकार देण्यात आले. त्यांत जयपूर, जोधपूर व जैसलमेर यांचा समावेश होता. मे २०२१ मध्ये बाडमेर, पाली, जालोर, सिरोही आणि उदयपूर यांची भर पडली.

तरीही प्रलंबित अर्जांचा ढीग कायम राहिला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज प्रलंबित होते आणि त्यांतील ७,३०६ पाकिस्तानी नागरिकांचे होते. अर्जासाठी वैध पाकिस्तानी पासपोर्ट लागत असल्याने ज्या देशातून पळून आलो, त्याच देशाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयात पैसे भरून पासपोर्टचे नूतनीकरण करण्याची वेळ अनेकांवर आली. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जोधपूरच्या ‘सीमांत लोक संगठन’ने २०२१ या एका वर्षात सुमारे ८०० जण राजस्थानातून पाकिस्तानात परतल्याचा दावा केला होता.

या पार्श्वभूमीवर नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संमत झाला. वर उल्लेखिलेल्या तीन देशांतील सहा समुदायांच्या, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या व्यक्तींना ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळण्यात आले आणि देशीयकरणासाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणण्यात आली. मुस्लिमांना वगळल्याच्या मुद्द्यावरून देशभर आंदोलने झाली. राजस्थानात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. जयपूर येथे विधानसभेने जानेवारी २०२० मध्ये या कायद्याविरोधात ठराव केला. ज्या राज्यात कायद्याचे लाभार्थी मोठ्या संख्येने राहतात, त्याच राज्याच्या विधानसभेने तो भेदभाव करणारा असल्याची भूमिका घेतली, हे या वादाचे वैशिष्ट्य होते. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत.

कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्यानुसार अर्ज ऑनलाइन भरला जातो, टपाल विभागाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती कागदपत्रे तपासते आणि जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय समिती निर्णय घेते. राज्य सरकारांची भूमिका त्यात कमी करण्यात आली. मुदत संपलेला पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीची किंवा भाडेकराराची नोंद अशी कागदपत्रेही ग्राह्य धरली जातात. पासपोर्टच्या नूतनीकरणाची अडचण त्यामुळे दूर झाली.

तीन तारखा, तीन दर्जे

१ सप्टेंबर २०२५ पासून ‘स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ अमलात आला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या वर्षांतील चार जुने कायदे त्याने रद्द केले. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाविना प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुदतीनंतर राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

त्याच सुमारास काढलेल्या सूट आदेशाने तीन देशांतील त्याच सहा समुदायांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या व्यक्तींना कागदपत्रे नसल्याबद्दलच्या कारवाईतून वगळले. या आदेशामुळे नागरिकत्वाची अंतिम तारीख १० वर्षांनी पुढे गेल्याचा समज अनेक ठिकाणी पसरला. तो चुकीचा आहे.

प्रत्यक्षात आता तीन स्तर निर्माण झाले आहेत. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना शिक्षेपासून संरक्षण आहे आणि जलद नागरिकत्वाचा मार्गही खुला आहे. १ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात आलेल्यांना शिक्षेपासून संरक्षण आहे, पण जलद नागरिकत्व नाही. त्यांनी दीर्घकालीन व्हिसा खंड न पडू देता टिकवला, तरच जुन्या कायद्याची १२ वर्षांची वाट त्यांना उपलब्ध आहे. १ जानेवारी २०२५ नंतर आलेल्यांना यांपैकी काहीच नाही. जैसलमेरच्या वाळवंटात मृत्युमुखी पडलेले दोघे जिवंत सापडले असते, तर या तिसऱ्या गटात मोडले असते.

एकाच वस्तीत शेजारी राहणारे दोन भाऊ २०१४ आणि २०१६ मध्ये आलेले असतील, तर एकाच्या हाती नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्याच्या हाती पाकिस्तानी पासपोर्ट, असे चित्र त्यामुळे निर्माण होऊ शकते.

एप्रिल २०२५ नंतर

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांना व्हिसा देणे तत्काळ स्थगित केले. आधी दिलेले बहुतांश व्हिसा २७ एप्रिलपासून, तर वैद्यकीय व्हिसा २९ एप्रिलनंतर रद्द ठरले. अटारीची तपासणी चौकी बंद झाली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले दीर्घकालीन व्हिसा वैध राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केल्याने हजारो कुटुंबांना दिलासा मिळाला. परंतु नुकतीच अल्पमुदतीच्या व्हिसावर आलेली आणि दीर्घकालीन व्हिसाचा अर्ज पूर्ण न झालेली कुटुंबे धास्तावली. सीमेपलीकडे निघण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी तर वैध मार्गच उरला नाही.

सरकारच्या बाजूने सुरक्षेचे कारण भक्कम आहे. वैध व्हिसावर आलेली प्रत्येक व्यक्ती पीडितच असते, असे गृहीत धरता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हिसावर राजस्थानात आलेल्या एका पाकिस्तानी नागरिकाला जैसलमेरमध्ये हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली होती. सीमावर्ती जिल्ह्यांत हवाई दलाचे तळ, लष्करी सरावक्षेत्रे आणि पोखरणसारखी ठिकाणे असल्याने गुप्तचर यंत्रणांची पडताळणी टाळता येण्याजोगी नाही.

मात्र याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की फाटकातून येणाऱ्याचे नाव, छायाचित्र, बोटांचे ठसे, पत्ता आणि हमीदार यांची नोंद सरकारकडे असते. कुंपणाखालून येणाऱ्याची कोणतीच नोंद नसते. त्यामुळे वैध मार्ग हा सवलतीबरोबरच पाळत ठेवण्याचे साधनही ठरतो.

दुसरे स्थलांतरित, दुसरे नियम

हेच जयपूर आणखी एका समूहाचेही आश्रयस्थान आहे. म्यानमारमधील काही रोहिंग्या कुटुंबे येथे अनेक वर्षांपासून राहतात. त्यांच्याकडे संयुक्त राष्ट्र निर्वासित उच्चायुक्तालयाची ओळखपत्रे असली, तरी भारत सरकार त्या कार्डांना कायदेशीर दर्जा देत नाही आणि त्यांना बेकायदा स्थलांतरित मानते. २०२५ मध्ये राजस्थानात बेकायदा बांगलादेशी नागरिकांविरुद्ध मोहीम राबवण्यात आली आणि मे महिन्यात जोधपूरहून विशेष विमानाने त्यांची एक तुकडी परत पाठवण्यासाठी रवाना करण्यात आली. त्यामुळे कोण निर्वासित आणि कोण घुसखोर, याचे उत्तर तो कसा आला यापेक्षा कोणत्या देशातून, कोणत्या समुदायातून आणि कोणत्या तारखेला आला, यावर अधिक अवलंबून राहते. समर्थकांच्या मते फाळणीचा इतिहास पाहता हा भेद सकारण आहे. टीकाकारांच्या मते तो राज्यघटनेतील समानतेच्या तत्त्वाला छेद देतो.

अमेरिकेचा अनुभव

आश्रयाचे नियम आणि सीमेवरील आकडे यांचा संबंध इतर देशांतही वादाचा विषय आहे. अमेरिकेच्या मेक्सिको सीमेवर डिसेंबर २०२३ या एका महिन्यात बेकायदा सीमा ओलांडताना जवळपास अडीच लाख जणांना पकडण्यात आले. त्यानंतर मेक्सिकोने कारवाई वाढवली आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी बेकायदा सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आश्रयाचा मार्ग बराच आखूड केला. त्याच वेळी मोबाइल ॲपद्वारे वेळ घेऊन अधिकृत चौकीवर येण्याची सोय सुरू होती. आकडे वेगाने घसरले. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती सोयही बंद केली आणि आकडे आणखी खाली आले.

कठोर नियमांनी आकडे कमी होतात, हे त्यातून दिसते. परंतु तेथील मार्गाला लागणाऱ्यांत भारतीयही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्रातील काही जणांचाही समावेश होता. त्यामुळे भारत या प्रश्नाकडे केवळ आश्रय देणारा देश म्हणून पाहू शकत नाही. राजस्थानची परिस्थिती अमेरिकेहून वेगळी आहे. येथे येणाऱ्यांची संख्या तुलनेने मर्यादित आहे, कुंपण अखंड आहे आणि बेकायदा प्रवेशाला मोठ्या दलालांच्या साखळीचे रूप आलेले नाही. याचे एक कारण म्हणजे दीर्घकाळ उपलब्ध असलेला वैध मार्ग.

महाराष्ट्राशी संबंध

हा प्रश्न केवळ सीमावर्ती राज्याचा नाही. २०१६ मध्ये ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अधिकार मिळाले, त्यांत नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे महाराष्ट्रातील चार जिल्हे होते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांतून उल्हासनगर उभे राहिले. नागपूरचे जरीपटका आणि पुण्याजवळचे पिंपरी येथेही मोठी सिंधी वस्ती वाढली. तेथील नातेवाइकांच्या आधारे सिंधमधून नंतरच्या काळातही कुटुंबे येत राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांची मोजदाद सुरू झाली, तेव्हा नागपूर आणि ठाणे जिल्ह्यांतील दीर्घकालीन व्हिसाधारक सिंधी कुटुंबांचा प्रश्न चर्चेत आला. सिंधमधून जयपूरला आलेल्या शेतमजुराची आणि उल्हासनगरला आलेल्या व्यापाऱ्याची आर्थिक स्थिती वेगळी असेल. दोघांनाही लागू असलेली तारीख एकच आहे.

पुढे काय?

नागरिकत्व मिळाल्यानेही सारे प्रश्न सुटत नाहीत. मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळ अमरसागर येथे सरकारी जमिनीवरील पाकिस्तानी हिंदू स्थलांतरितांची घरे अतिक्रमण म्हणून पाडण्यात आली. टीकेनंतर त्यांच्या पुनर्वसनासाठी प्रशासनाने दुसरी जागा निश्चित केली. आश्रय देणे हा केंद्राचा विषय आणि जागा, पाणी, शाळा, रेशन हा राज्याचा व स्थानिक संस्थांचा, अशी विभागणी असल्याने कुटुंबे दोन्ही दारांत उभी राहतात.

राजस्थानचा ७५ वर्षांचा अनुभव पाहता आश्रयाच्या धोरणामुळे सिंधमधून निघण्याची इच्छा वाढते किंवा कमी होते, याचा ठोस पुरावा सापडत नाही. ती इच्छा तेथील परिस्थितीतून जन्म घेते. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींसह तेथील हिंदूंची संख्या सुमारे ५२ लाख असून त्यांतील बहुतेक सिंधमध्ये राहतात. धोरणाने ठरते ते येणाऱ्याचा मार्ग आणि आल्यानंतरचा दर्जा. १९७१ नंतर व्हिसाविना आलेले लोक आज राजस्थानचे मतदार आहेत. २०१६ मध्ये व्हिसा घेऊन रेल्वेने आलेले लोक अजूनही दर काही वर्षांनी अर्ज भरत आहेत.

२०१५ ते २०२४ या दशकात आलेल्यांना नागरिकत्वाची वाट कधी आणि कशी मिळणार, बंद पडलेला व्हिसा मार्ग मर्यादित स्वरूपात तरी पुन्हा सुरू होणार का आणि आश्रयाचा निर्णय आदेशांऐवजी कायद्याने व्हावा का, हे तीन निर्णय केंद्र सरकारच्या हाती आहेत. तोपर्यंत जयपूर आणि जोधपूरच्या वस्त्यांत व्हिसाची मुदत संपण्याची तारीख हीच सर्वांत महत्त्वाची तारीख राहणार आहे.